एका मगापुरता केक

ताई, गावानं चौकात तुझा फ्लेक्स लावलाय. वर दादांचा गणवेशातला फोटो, मोठा, आणि खाली उजव्या कोपऱ्यात तू. दादांचं नाव ठळक लाल अक्षरांत, 'वीरपत्नी' त्याहून थोडं लहान, आणि 'वैशाली' हे तुझं नाव शोधावं लागतं. तुझा फोटो कुठला ते मी रस्त्याच्या पलीकडूनच ओळखलं. कोरेगावच्या सत्कारातला. मोतिया रंगाची साडी, हातात नारळ, नजर खाली. मूळ फोटोत तुझ्या शेजारच्या टेबलावर भेट मिळालेल्या मायक्रोवेव्हचं खोकं आहे. फ्लेक्सवाल्यानं ते कापून टाकलंय. त्याचं बरोबरच आहे, श्रद्धांजलीत मायक्रोवेव्ह कसा चालेल. पण मला तुझ्याबद्दल काही सांगायचं तर त्या खोक्यापासूनच सुरुवात करावी लागते.

चारचौघांत मी तुला कायम 'तुम्ही' म्हटलं. थोरली जाऊ, आणि त्यात शहिदाची पत्नी. दुपारी स्वयंपाकघरात 'तू' म्हणायची मोकळीक तूच दिलीस. "हितं कोण ऐकतंय? आवं-जावं केलंस की मला म्हातारी झाल्यागत वाटतंय." तू तेव्हा एकोणतीस वर्षांची होतीस. आत्ताही दुपार आहे, आत्या झोपल्यात, हे शेतावर गेलेत. म्हणून तूच म्हणते.

मी सांगलीहून लग्न होऊन आले तेव्हा तो मायक्रोवेव्ह बाहेरच्या खोलीत दादांच्या फोटोखाली ठेवलेला होता. वर क्रोशाचं झाकण, त्यावर प्लास्टिकची फुलं. चार वर्षांत कुणी त्याचं बटण दाबलेलं नव्हतं. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "हा वापरत नाही का?" तर आत्या म्हणाल्या, "आगं, त्यो थोरल्याच्या नावचा हाय." जणू तोही एखादं पदक होता. शेवटी मीच मामंजींना चहा गरम करायची लालूच दाखवून तो स्वयंपाकघरात आणवला. तू दारात उभी राहून बघत होतीस. मग वायर लावायला पुढं झालीस.

मगातल्या केकचं मी तुला बोलता बोलता सांगितलं होतं. चार चमचे मैदा, दोन चमचे कोको, तीन चमचे साखर, चिमूटभर बेकिंग पावडर, दूध, तेल, ढवळायचं आणि दीड मिनिट ठेवायचं. तू दोनदा विचारलंस, "एकाचाच होतो?" मी म्हटलं, "एकाचाच. एक मग, एक माणूस." मग म्हणालीस, "ह्या घरात मी कवा माझ्यापुरतं काय केलंच न्हाई." मी हसले होते. सांगलीच्या आमच्या दोन खोल्यांत मी माझ्यापुरता चहा करायचे, माझ्यापुरतं अंडं उकडायचे, त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नव्हतं. इथं परातभर पीठ, पातेलंभर कालवण, आणि उरलं तर आपण.

माझ्या भावाकडून कोको मागवला. मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले तेवढ्यात तू घाईनं सगळं स्टीलच्या फुलपात्रात कालवून मायक्रोवेव्हमध्ये ठेवलंस. मी धावत आले तर आत ठिणग्या उडत होत्या आणि तू भिंतीला पाठ लावून उभी. "आगं, ह्यात ईज पडली," म्हणालीस. नंतर दोघी तोंडावर पदर धरून इतक्या हसलो की तुला उचकी लागली.

केक मावेल असं चिनी मातीचं भांडं घरात एकच होतं. दादांचा पलटणीतला मग, शोकेसमध्ये, टोपी आणि पदकाच्या शेजारी. मी त्याचं नावही काढलं नसतं. तूच काच सरकवलीस. "दोन वर्सांच्या संसारात दोन म्हैनं एकत्र ऱ्हायलो. त्यातला निम्मा येळ त्येंनी ह्या मगातनं च्याच प्याला. त्येंचं काय जात न्हाई." त्या दिवसापासून आपला तोच मग. केक झाला की तो धुवायचा, कोरडा पुसायचा आणि दांडी उजवीकडं येईल असा पुन्हा जागेवर ठेवायचा. दांडी डावीकडं गेली तर आत्यांच्या लक्षात यायचं.

दुपारी दोन ते अडीच. मामंजी शेतावर, आत्या आडव्या झालेल्या. मायक्रोवेव्ह झाल्यावर टिंग टिंग वाजायचा त्याची आपल्याला धास्ती. म्हणून तू दाराच्या खटक्यावर हात ठेवून उभी राहायचीस, आतल्या आकड्यांवर डोळा लावून. शेवटचा एक सेकंद उरला की दार उघडायचीस. कधीच चुकली नाहीस. किती वर्षं तो मायक्रोवेव्ह आपण वाजू दिला नाही.

मग एक, चमचे दोन. मधोमध तू चमच्यानं रेघ ओढायचीस आणि आपापली बाजू खायची. आपलं भांडण एकाच गोष्टीवरून. तुला मधला भाग ओला हवा असायचा, मला पूर्ण झालेला. तू म्हणायचीस सत्तर सेकंद बास. मी म्हणायचे, कच्चा मैदा पोटात जाईल. "जाऊ दे की, माझं पोट हाय," म्हणायचीस. ते भांडण काही मिटलं नाही.

तुला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होता हे मला त्या दुपारींमुळं कळलं. सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट आणि दादांचा स्मृतिदिन. आठवडाभर आधी माणूस सांगायला यायचा. तू ठरलेली साडी काढायचीस, मांडवात पहिल्या रांगेत खुर्ची, सगळे उठून नमस्कार करायचे. आणि शेजारच्या घरी हळदीकुंकू असलं की तुला निरोप नसायचा. एकदा तू म्हणालीस, "खुर्ची देत्यात, पर कुकू लावत न्हाईत. माझं काय करायचं ते ह्येंचं ठरंना." हसण्यावारी म्हणालीस. पण त्या दिवशी तुझ्या बाजूचा केक तसाच राहिला होता.

बेकरीच्या कोर्सचं आधी माझ्याच डोक्यात आलं, हे मला लिहून ठेवायचंय. सांगलीत बायकांची एक संस्था सहा महिन्यांचा कोर्स घ्यायची, राहायची सोय तिथंच. भावानं फॉर्म आणला. तो मी भरला, तू सही केलीस. त्याआधी वर्तमानपत्राच्या कडेला सातआठ वेळा सही गिरवून बघितलीस, कारण बऱ्याच वर्षांत तुला सही करायची वेळ आली नव्हती, दादांच्या कागदांवर सोडून. प्रवेशाचं पत्र माझ्या माहेरच्या पत्त्यावर आलं. ते तू धान्याच्या डब्यांमागं ठेवलंस आणि रोज एकदा तिथं जाऊन यायचीस. डबा पुसायला म्हणून.

त्याच पंधरवड्यात ह्यांचा पंजाबातल्या पलटणीतून फोन आला. फॅमिली क्वार्टर मिळालंय, ये.

लग्नाला तीन वर्षं झाली होती, ताई. ह्यांच्याबरोबर मी सलग एक महिनाही राहिले नव्हते. आणि उन्हाळ्यात आत्यांचा खुबा मोडलेला. त्यांना उठवायला, बसवायला, न्हाऊ घालायला घरात बाई हवी होती. दोघी एकदम बाहेर पडणं शक्य नव्हतं. तू आधी गेलीस तर मी अडकणार आणि क्वार्टर दुसऱ्या कुणाला जाणार. मी चार दिवस हिशेब मांडत राहिले. तू मात्र माझ्या क्वार्टरची बातमी ऐकून खुशीत म्हणालीस, "आपण आत्यांसाठी बाई बघू. दोघीबी जाऊ." तुला खरंच वाटत होतं तसं होईल.

पाचव्या दिवशी मी आत्यांचे पाय चेपत होते. त्या म्हणाल्या, थोरलीचं आजकाल लक्ष कुठं असतं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "आत्या, ताई सांगलीला जायचं म्हणत्यात. पत्र आलंय त्यांचं." एवढंच. आवाज चढवला नाही, तक्रार केली नाही. पाय चेपत राहिले.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी सरपंच आणि गावातले दोघे चहाला आले. चहा तूच केलास. मामंजींनी तुला तिथंच थांबायला सांगितलं. सरपंच म्हणाले, दादांच्या पुतळ्याचं नक्की झालंय, चौथऱ्याचं काम आता सुरू होईल, अशा वेळी घरात वहिनी नाहीत हे बरं दिसायचं नाही. दुसरा म्हणाला, "शहिदाची बायकू सांगलीत पाव भाजती म्हणल्यावर लोक आमालाच नावं ठेवतील. तुमाला हितं काय कमी हाय?" कुणी रागावून बोललं नाही. सगळे तुला वहिनी म्हणत होते, अगदी मानानं. तू कपबश्या गोळा करता करता म्हणालीस, "न्हाई जात." मामंजी म्हणाले, "शाणी हाय ती."

आत आल्यावर तू डब्यांमागचं पत्र काढून माझ्या हातात दिलंस. "तुज्या भावाला सांग, जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणावं." आणि मी काय म्हटलं असेल? "काय करणार ताई, मोठ्यांपुढं." ते वाक्य मी दहा वर्षं रोज ऐकतेय.

तू विचारलं नाहीस, त्यांना कसं कळलं. मी वाट बघत होते तू विचारायची. विचारलं असतंस तर कदाचित सांगितलं असतं. कदाचित खोटं बोलले असते. माझी ट्रंक तू भरलीस. शेंगदाण्याची चटणी डब्यात दाबून भरताना म्हणालीस, "कोरडी हाय, म्हैनाभर टिकंल." कोरेगाव स्टेशनपर्यंत आलीस. गाडी सुटेपर्यंत खिडकीपाशी उभी होतीस आणि ह्यांच्या आवडीनिवडी मलाच सांगत होतीस, कारण लहानपणापासून नसलीस, तरी माझ्याआधीपासून तू ह्यांना ओळखत होतीस.

तीन वर्षांनी हे निवृत्त झाले आणि आम्ही परत आलो. त्यानंतरची सगळी वर्षं आपण शेजारी शेजारी काढली. मामंजी गेले, आत्यांचं चालणं वॉकरवर आलं. दुपारचा केकही चालू झाला, तुझ्या सत्तर सेकंदांसह. मी मागच्या दाराशी बसून तुझ्याकडं बघायचे आणि आज सांगू असं म्हणायचे. मग तू काहीतरी गंमत सांगायचीस, आणि दुपार सरायची.

दवाखान्यात तरी सांगायला हवं होतं. साधा ताप म्हणून आठवडाभर काढ्यावर काढलास, साताऱ्याला नेलं तोवर फुप्फुसं भरली होती. पाच दिवस मी उशाशी होते. तोंडावर मास्क, बोलायची मनाई. चौथ्या दिवशी खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी तुझा हात धरून म्हटलं, "ताई, तुला एक सांगायचंय." तू डोळे उघडलेस, मास्क बाजूला केलास आणि दमत दमत विचारलंस, "आत्यांच्या गोळ्या दिल्या का?" मी म्हटलं, दिल्या. तू मान हलवलीस आणि डोळे मिटलेस. तुझ्याशी झालेलं माझं शेवटचं बोलणं हे. गोळ्यांचं.

परवा तेरावं झालं. जेवणं उरकल्यावर गावातली मंडळी ह्यांच्याशी बोलत बसली. येत्या सव्वीस जानेवारीचं काय, असं एकानं काढलं. पुतळ्याला हार घालायला घरातलं माणूस हवं, पहिल्या रांगेतली खुर्ची मोकळी बरी दिसत नाही. ह्यांनी आत बघून मला विचारलं, "बसशील की तू?" मी पानं उचलत होते. म्हटलं, "बघू." पण हे तोवर बाहेर सांगून मोकळे झाले होते, बसंल ती. काल ग्रामपंचायतीचा एक मुलगा येऊन साडीचा रंग सांगून गेला. फिकट असावी.

ताई, तेव्हापासून मला ह्या घराच्या भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात. सकाळी आत्यांना उठवते, न्हाऊ घालते, गोळ्या देते, भाकरी थापते, आणि प्रत्येक कामात तुझा हात जिथं असायचा तिथं माझा हात जातो. मी जी जागा तुझ्या गळ्यात टाकून पळाले होते ती माझी वाट बघत बसली होती. हे चांगले आहेत. पण ह्यांना सांगून कळेल असं ते नाही. ह्यांच्या दृष्टीनं एक खुर्ची आहे, वर्षातनं तीनदा बसायचं.

म्हणून आज दुपारी मी केक केला. खूप राग आला होता, आणि कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. शोकेसमधला मग काढला, सगळं ढवळलं, आत ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. विचारांत कधी वेळ संपला कळलं नाही. तो वाजला. पाच वेळा, घरभर ऐकू जाईल असा.

आतून आत्यांची हाक आली. "धाकटे, काय वाजलं गं?"

लपवायचं कुणासाठी? मी मग घेऊन त्यांच्याकडं गेले. दादांचा मग त्यांनी ओळखला. मी म्हटलं, "आम्ही दोघी ह्यात केक करायचो, आत्या. रोज दुपारी." त्या म्हणाल्या, "ठावं हाय. वास येतोय की मला. नाक कुठं मोडलंय माझं?" मी चमच्यानं भरवला. दोन घास खाल्ले, तिसऱ्याला नको म्हणाल्या. मग मला राहवलं नाही. म्हटलं, "आत्या, ताईंचं सांगलीचं मी तुम्हाला सांगायला नको होतं. मला क्वार्टरवर जायचं होतं म्हणून सांगितलं. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही."

आत्यांनी पदरानं तोंड पुसलं. "कळलं न्हाई कसं. सरपंच येऊन गेला त्याच दिवशी सांजंला तिनं मला इचारलं, कुणी सांगितलं. म्या तुजं नाव घेतलं. खोटं कशाला बोलू?"

मी विचारलं, "मग?"

"मग काय. बसली थोडा येळ हितं, खाटंच्या कडंला. मग म्हणली, धाकटीला आता अडवू नगासा. दोघींनी कशाला ऱ्हायचं हितं, एक तरी जाऊ द्या. आन वर म्हणली, तिला ह्यातलं काय बोलू नका." आत्यांनी कूस बदलली. "म्या बोलले न्हाई. आता ती न्हाई म्हणून सांगितलं. माजं चुकलंच तवा. पर तवा तसं वाटलं न्हाई."

मी परत इथं येऊन बसलेय. रडू आलं नाही. माफी मागायची राहिली म्हणून मी इतकी वर्षं झुरले, आणि तू ती मागायच्या आधीच देऊन बसली होतीस, तीही मला न सांगता. आता मी हे ओझं कुठं ठेवू? तू ट्रंक भरत होतीस तेव्हा तुला माहीत होतं. स्टेशनवर माहीत होतं. त्यानंतर ज्या ज्या दुपारी मधोमध रेघ ओढून माझी बाजू माझ्याकडं केलीस, त्या प्रत्येक दुपारी माहीत होतं.

आणि मला आता पंजाबातून परत आल्याचा दिवस आठवतोय. सामान उतरवून मी स्वयंपाकघरात आले. तू परात पुढ्यात ओढून बसली होतीस. "कसं हुतं गं तिथं?" तू विचारलंस. मी म्हटलं, "लय थंडी." तू म्हणालीस, "आन?" मी म्हटलं, "आन काय, सगळीकडं सपाट." तू आणखी थोडा वेळ माझ्याकडं बघत थांबलीस, आणि मग पीठ मळायला लागलीस. मला वाटलं होतं, तिथलं सुख तुझ्यापुढं काढणं म्हणजे चोरलेली वस्तू तुलाच दाखवणं. तू तर ते ऐकायला बसली होतीस. तीन वर्षं वाट बघून.

तर ऐक. क्वार्टर दोन खोल्यांचं होतं, मागं पेरूचं झाड. शेजारी ओडिशाची एक बाई होती, तिनं मला सायकल शिकवली. पहिल्या आठवड्यात मी मेंदीच्या कुंपणात दोनदा पडले, गुडघे फुटले. मग सायकल यायला लागली. हे ड्युटीवर गेले की मी निघायचे. भाजी आणायला म्हणून निघायचे आणि कालव्याच्या कडेनं लांबपर्यंत जायचे, दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली, पिवळीधमक. एकदा इतकी लांब गेले की परतीचा रस्ता विचारावा लागला. तरी भीती वाटली नाही. कुठं चाललीस म्हणून कुणी विचारलं नाही, ताई. तीन वर्षांत एकदाही नाही.